कुलूपबंद खोलीचा शनिवार: भाडे कायद्यानं तुम्हाला कुठं राहायला लावलं?

सोप्यातला (धागाकर्ता)

दर शनिवारी संध्याकाळी मी पाचगावातनं गाडी काढतो आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेत जातो. तिथं आमची खोली आहे. म्हणायला खोली, पण पुढं सोपा म्हणजे ओसरी, मधलं घर आणि मागं परड्याकडं दार असलेलं स्वयंपाकघर. कुलूप काढतो, देवापुढं दिवा लावतो, पंखा पाचवर ठेवतो, तिन्ही बल्ब लावतो आणि सोप्यात पेपर वाचत बसतो. शेजारच्या काकू डोकावून "आलास व्हय रे" म्हणतात. तेवढं झालं की माझं काम झालं. उद्या वेळ आलीच तर 'हा येतो' म्हणून सांगणारं एक माणूस झालं. सात वाजता पुन्हा कुलूप.

आई २०१६ ला गेली. तेव्हापासून तिथं कोणी झोपलेलं नाही.

आजोबांनी ही खोली १९५२ साली अठरा रुपये भाड्यानं घेतली. वाढत वाढत ते पंचेचाळीस झालं आणि तिथंच थांबलं. नव्वद सालानंतर मालकांनी हातात भाडं घ्यायचं बंद केलं, म्हणून वडील मनीऑर्डर करायचे. ती परत यायची. 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेले ते सगळे फॉर्म वडिलांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षवार लावून ठेवलेत. आमच्या घरात दागिन्यांचा डबा कपाटात उघडाच असायचा, हा मात्र माळ्यावर, कडीकुलपात.

परवा मुलीनं विचारलं, "बाबा, शनिवारी तुम्ही तिथं नक्की काय करता?" मला धड सांगता येईना. मग रात्री बसून एक यादी केली. या खोलीपायी कोण कुठं गेलं आणि कोण गेलंच नाही.

वडील कारकून होते. १९७८ ला त्यांना पुण्याच्या शाखेत बढती मिळत होती. पुण्यात भाडं जास्त, वर पागडी, आणि इथली खोली एकदा सोडली की गेली. नाही म्हणाले. पुढची सतरा वर्षं त्याच खुर्चीवर बसून निवृत्त झाले. थोरल्या भावाचं लग्न १९८६ ला झालं, मधल्या घरात पडदा लावून तो आणि वहिनी नऊ वर्षं राहिले. मी १९९४ ला पाचगावात दीड गुंठा घेतला तो बायकोच्या नावावर. प्रेमापोटी वगैरे नाही. भाडेकरूनं स्वतःचं घर केलं की मालक दावा लावतो असं कुणीतरी वडिलांच्या कानात घातलं होतं. भावाला इचलकरंजीत चांगली नोकरी लागली तर वडील म्हणाले, "जा की, पण रात्री झोपायला इथं ये." तो तसा अकरा वर्षं रोज येऊन-जाऊन करत होता.

आमच्या घरात 'कुठं राहायचं' असा प्रश्न कधी निघालाच नाही. 'खोली कुणी धरायची' एवढंच बोलणं व्हायचं.

तुमच्याकडं असं काही घडलंय का? मालकांनीही लिहावं, मी भांडणार नाही.

तिकटीवरचा

आरं भावा, पहिला नंबर माझा! आमच्या आज्जीनं मरताना नातवंडांस्नी जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं आता गीता सांगणार. म्हटली, "खोली सोडू नगासा."

काळाकोट

वकिली करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९४७ चा मुंबई भाडे कायदा इकडं लागू झाला. महायुद्धाच्या टंचाईतून आलेला, खरं तर तात्पुरता कायदा. मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं चालला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला त्याहून जास्त मागता येत नव्हतं. त्या दिवशी जागा भाड्यानं दिलेली नसेल तर पहिल्यांदा दिली तेव्हाचं. म्हणजे तुमचे अठरा रुपये. पुढं कर आणि दुरुस्तीपोटी थोडी भर पडत गेली असेल.

डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करायची मुभा आहे. तुमचे पंचेचाळीस त्या दिवसापासून चक्रवाढीनं वाढवत आणले तरी आज सव्वाशेच्या आसपासच पोचतात. सव्वाशेत महाद्वार रोडवर दोघांचा नाष्टा होतो.

दीड गुंठ्याबद्दल. जुन्या कायद्यात भाडेकरूनं दुसरीकडं राहण्याजोगी जागा मिळवली तर ते घर खाली करून घ्यायला कारण होतं, हे खरं. १९९९ च्या कायद्यात ते कारण ठेवलेलं नाही. आणि तसंही भाडेकरू तुमचे वडील होते. तुमच्या नावावर घेतला असता तरी लगेच काही बिघडलं नसतं. पण माझ्याकडं येणाऱ्या दहा जुन्या भाडेकरूंत चार जणांचा फ्लॅट बायकोच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावावर असतो. कलम गेलं, भीती राहिली.

शनिवारच्या दिव्याचं कलम मात्र जिवंत आहे. दावा लावण्याआधी सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरली नसेल तर मालकाला ताबा मागता येतो. आणि एक सांगतो, राग मानू नका. कोर्टात समोरचा वकील सर्वांत आधी लाइटबिलं मागवतो. महिन्याला तीन युनिट जळणाऱ्या घरात माणसं राहतात असं न्यायाधीशांना पटवणं अवघड जातं.

सोप्यातला

काळाकोट साहेब, गेल्या महिन्यात चार युनिट होती. 🙂

नावालाच_मालकीण

लिहू की नको असं दोनदा झालं. शुक्रवार पेठेत आमचा वाडा आहे. सात भाडेकरू. सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं चारशे दहा रुपये. त्यातून घरफाळा भरायचा आणि उरलेल्यात वाडा सांभाळायचा, अशी अपेक्षा.

दोन वर्षांपूर्वी मागच्या अंगाची कौलं उतरून पत्रा घातला. एक लाख ऐंशी हजार. भाडेकरूंकडं वर्गणी मागितली तर एकानं कायदा दाखवला, दुरुस्ती मालकानंच करायची. बरोबर आहे, कायद्यात तसंच आहे. पण चारशे दहामध्ये एक लाख ऐंशी हजार किती वर्षांनी फिटतात तेही त्यानं सांगावं.

आम्ही मालक कुठं राहतो? मागच्या दोन खोल्यांत. धाकटे दीर रुईकर कॉलनीत चौदा हजारांनी भाड्यानं राहतात. वाड्याचे वारसदार आणि दर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलावतात! सासऱ्यांनी १९९१ ला स्वतःच्या गरजेसाठी दावा लावला. त्यात नुसती गरज दाखवून भागत नाही, अडचण कुणाला जास्त होईल हेही कोर्ट तोलतं. पहिला निकाल २००८ ला लागला तेव्हा सासरे नव्हते. मग अपील. मग मुंबई. माझे मिस्टर तारखेच्या आदल्या रात्री गाडीला बसायचे, सकाळी हायकोर्टात जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. आता ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, तर म्हणतात, "चला, निदान एसटीचं भाडं वाचलं."

सोप्यातले भाऊ, तुमच्या वडिलांची बढती गेली त्याचं मला खरंच वाईट वाटलं. पण त्याच वर्षी त्या पंचेचाळीस रुपयांच्या पलीकडच्या बाजूलाही एक संसार होता. त्यांचं कोण कुठं गेलं नाही, त्याचीही एक यादी असेल.

सोप्यातला

ताई, असेल. मालकांचा मुलगा माझ्या वर्गात होता. दहावीनंतर आम्ही बोललेलो नाही. भांडण असं काही झालंच नाही, नुसत्या मनीऑर्डरी परत येत राहिल्या.

अकरा_महिने

वाचून मला हसू येतंय आणि चीडही. तुम्ही सगळे हलता येत नाही म्हणून रडताय. माझी सात वर्षांत सहा घरं झाली. राजारामपुरी, साने गुरुजी वसाहत, आर. के. नगर, परत राजारामपुरी, देवकर पाणंद, आता कळंबा.

दर वेळी तेच. अकरा महिने झाले की मालक म्हणणार, मुलगा अमेरिकेतनं येतोय. एकाचाही मुलगा आलेला मी पाहिला नाही. पाटी मात्र आठवड्यात लागते, भाडं दोन हजारांनी वाढवून. टेम्पोवाला आता मला सवलत देतो, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून. गॅसची नोंद तीन घरं मागं आहे, आधार चार घरं मागं. पोराची बालवाडी दोनदा बदलली. आमचं लोखंडी कपाट इतक्यांदा चढ-उतार झालंय की त्याचं दार आता बंद होत नाही, मी ते साडीच्या काठानं बांधते.

आणि कोल्हापुरात, हो कोल्हापुरात, मालक विचारतात, "नॉनव्हेज करता का?" रविवारी अख्ख्या गल्लीला तांबड्या रश्श्याचा वास असतो आणि मी खिडक्या लावून अंडी उकडते.

तुमच्यासारख्यांच्या खोल्यांमुळंच मालक आम्हाला अकरा महिन्यांवर टिकू देत नाहीत, असं माझा नवरा म्हणतो. खरं आहे का?

काळाकोट

बरंचसं खरं आहे. १९७३ च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारी १९७३ ला लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू म्हणून नव्हे तर नुसत्या वापराच्या परवानगीवर, राहत असलेल्या लोकांना एका दिवसात भाडेकरू करून टाकलं. त्या दिवसाची धास्ती मालकांच्या तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली आहे. आजच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला भाडेकरूचा हक्क मिळत नाही. मुदत संपूनही राहिलात तर दुप्पट रक्कम भरावी लागू शकते, आणि खाली करून घेण्याची वाटही मालकाला जवळची आहे.

गंमत अशी की अकरा महिन्यांना आता तसा अर्थच नाही. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही ही जुनी समजूत. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं कितीही महिन्यांचा करार नोंदवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. तुम्ही तीन वर्षांचा करारही मागू शकता. मालक नाही म्हणेल, पण मागा.

अकरा_महिने

मागितला होता. म्हणाले, "तीन वर्षं म्हणजे तुम्ही मुक्कामच ठोकताय की."

बे_एरियातला_बंड्या

मूळ गाव बावडा, सध्या मुक्काम सॅन फ्रान्सिस्को. इथंही हाच खेळ आहे, फक्त परडं नाही.

१९९४ मध्ये इथल्या मतदारांनी भाडे नियंत्रण लहान इमारतींनाही लावलं. चार किंवा कमी घरांच्या, १९८० च्या आधी बांधलेल्या. नंतर बांधलेल्या तशाच लहान इमारती सुटल्या. स्टॅनफर्डच्या तीन अर्थतज्ज्ञांनी दोन्हींची तुलना करून २०१९ मध्ये अभ्यास छापला. नियंत्रणातले लोक त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली. विशेषतः म्हातारी आणि जुनी माणसं शहरात टिकली. पण त्या इमारतींच्या मालकांनी भाड्याची घरं १५ टक्क्यांनी कमी केली. कुणी विकायचे फ्लॅट केले, कुणी पाडून नवं बांधलं. त्यामुळं शहरातली भाडी ५.१ टक्क्यांनी वाढली. म्हणजे आत बसलेल्याला जे मिळालं, त्याचं बिल बाहेरून येणाऱ्यानं भरलं. तो बाहेरून येणारा म्हणजे मी.

एक फरक आहे. इथं जुना भाडेकरू निघून गेला की मालक नव्यासाठी बाजारभावानं भाडं लावू शकतो. त्यामुळं माझ्या खालचे गृहस्थ नोकरी दीड तासावर गेली तरी घर बदलत नाहीत. रोज तीन तास गाडीत. सोप्यातल्यांच्या भावाचं इचलकरंजी वाचलं आणि तेच आठवले.

तिकटीवरचा

बंड्या, बावड्याचा माणूस आणि तिथं भाड्यानं? शेत होतं की रं तुमचं.

बे_एरियातला_बंड्या

विकलं. तुलाच विकलं असतं, पण तू म्हणालास पूर येतो.

चाफ्याची_सावली

पुराचं निघालंच आहे तर. माझी मावशी जयंती नाल्याकाठी जुन्या खोलीत राहते, साठ रुपये भाडं. २०१९ ला छातीइतकं पाणी होतं. २०२१ ला पुन्हा. दोन्ही वेळा शाळेत नेऊन ठेवलं, दोन्ही वेळा पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी परत जाऊन चिखल काढत बसली. मी म्हटलं माझ्याकडं ये. म्हणाली, "सहा महिने तुझ्याकडं राहिले आणि मालकानं कुलूप घातलं तर?" भिंतीवर पाण्याची रेघ तशीच ठेवलीय. त्या रेघेच्या वर तिनं देव टांगलेत आणि भाड्याच्या पावत्यांची पिशवी देवांच्याही वर.

म्हणून सगळा दोष भाडेकरूंच्या लोभाला देऊ नका. साठ रुपये सोडून तिनं जायचं कुठं? पुढची पायरी थेट सात हजारांची आहे. मधली पायरीच नाही.

निवृत्त_मास्तर

या मधल्या पायरीवर बोलायला पाहिजे. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत आकडे होते: शहरांत भाड्यानं राहणाऱ्यांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. आणि २०११ च्या जनगणनेत शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी होती. सगळा दोष भाडे कायद्याचा नाही, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवणारेही त्यात आलेच. पण भाड्यानं द्यायचं म्हटलं की माणूस आधी वकिलाला विचारतो, हे कुठून आलं?

माझ्या नोकरीच्या काळात गारगोटी, मलकापूर, कागल, गडहिंग्लज, पुन्हा कोल्हापूर अशा बदल्या झाल्या. बदलीवाल्या मास्तराला लोक आनंदानं खोली द्यायचे. कारण एकच, हा जाणार. आणि कोल्हापुरात कायमचा आलो तेव्हा त्याच तोंडानं खोली मागितली तर कुणी देईना. शेवटी फंडातलं कर्ज काढून फुलेवाडीला बांधलं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. आता दोन्ही मुलं बंगळूरला आणि वरचा मजला रिकामा. भाड्यानं देत नाही. का म्हणून विचारू नका, मीही वकिलाला विचारून बसलोय.

तिकटीवरचा

म्हणजे मास्तर, तुमीबी त्या १ कोटी १० लाखात!

माहेरवाशीण

पुरुष मंडळींनी एक गोष्ट सोडली. आमच्या रविवार पेठेतल्या खोलीवर आम्ही चौघी बहिणी वाढलो, एक भाऊ. वडील गेले आणि विषय असा निघाला: वडील गेले त्या दिवशी त्यांच्याबरोबर राहत कोण होतं? भाऊ. म्हणजे खोली भावाची. वडिलांच्या आजारपणात आठ महिने मी सासरहून येऊन राहिले होते, पण तेराव्याला माझी बॅग भरली गेली. मालकानं पुढं वाडा बिल्डरला दिला, तेव्हा भावाला वनबीएचके मिळाला. चांगलं झालं. त्याच्या वास्तुशांतीला चौघींना साड्या मिळाल्या.

काळाकोट

ताई, कायदा तसाच आहे. मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर राहणारा कुटुंबातला सदस्य. तसा कुणीच नसेल तर मग वारस, आणि त्यांच्यात एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. 'राहणारा' या एका शब्दावर कोल्हापुरात कितीतरी भावंडांची बोलाचाली बंद आहे.

सोप्यातले, तुमचा वाडा जुना आहे म्हणून आणखी एक. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते. पाडली की भाडेकरू संपला असं पुष्कळांना वाटतं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जमिनीशीही जोडलेला असतो.

सोप्यातला

म्हणजे वाडा पडला तरी मी शनिवारी जायचं? ढिगाऱ्यावर दिवा लावायला?

आज जाऊन आलो, म्हणून लिहितो. मधल्या घराचं आढं एका बाजूनं दबलंय. ज्या खिळ्याला भाऊ-वहिनीचा पडदा बांधलेला असायचा तो खिळा अजून आहे, त्याच्या भोवतीची माती निघालीय. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, मालकाचा पोरगा येऊन गेला, तुझा नंबर मागत होता, वाडा काढायचा विचार आहे म्हणे. मी दिला नव्हता, त्यांनी दिलाय.

अजून फोन आलेला नाही. भावाला पुण्याला कळवलं. पलीकडं पाच मिनिटं शांत. मग म्हणाला, "डबा सांभाळून ठेव."

नावालाच_मालकीण

आला फोन तर आधी त्याच्या आईची तब्येत विचारा. खरंच सांगते. आमच्याकडं तेहतीस वर्षांत एकानंही विचारलं नाही.

अकरा_महिने

धाग्याला सोडून, पण फार सोडूनही नाही. आमच्या मालकांचा मुलगा अमेरिकेतनं येतोय. महिनाअखेरपर्यंत घर खाली. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, संभाजीनगर, कुठंही चालेल. दोन खोल्या, दहा हजारांपर्यंत. अंडी खाऊ देणारा मालक असेल तर देव पावला.

सोप्यातला

ताई, हे वाचून दहा मिनिटं नुसता बसलो. माझ्याकडं तीन खोल्या मोकळ्या आहेत. पंखा आहे, नळाला पाणी आहे, मंडई चालत पाच मिनिटं. पण मला देता येत नाहीत.

काळाकोट

अजिबात देऊ नका. मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला की तेवढं एक कारण त्यांना पुरेसं आहे. इतकी वर्षं सांभाळलेलं एका महिन्यात जाईल.

अकरा_महिने

कळतंय हो मला. निदान नवं घर मिळेपर्यंत वॉशिंग मशीन तरी ठेवू का तुमच्याकडं? टेम्पोत दर वेळी त्याचाच जीव जातो.

सोप्यातला

आणा. शनिवारी सहाला मी असतो. येताना मळके कपडेही आणा, तिथंच लावू. मीटर फिरेल.